कायदा शिकवणाऱ्यांची कुंडली मांडा

एलएलबीच्या प्रवेशाची धांदल सुरू झाली की घरोघरी तेच प्रश्न. सीईटीला किती पडले, कुठल्या फेरीत नंबर लागेल, फी किती, कॉलेजपासून कोर्ट किती लांब, नोकरी करून लेक्चर गाठता येतील का. शिकवणार कोण, हे कुणी विचारत नाही. विचारलं तरी उत्तर मिळायची सोय नाही. बहुतेक लॉ कॉलेजांच्या संकेतस्थळावर 'फॅकल्टी' नावाचं एक पान असतं. त्यावर पासपोर्ट आकाराचा फोटो, नाव आणि पुढे बी.ए., एलएल.एम., नेट, पीएच.डी. अशी अक्षरांची रांग. पीएच.डी. कशावर केली, वकिली केली का, केली तर कुठल्या कोर्टात आणि किती वर्षं, यातलं काही त्या रांगेतून कळत नाही.

कायद्याच्या शिक्षकाची पार्श्वभूमी ही कॉलेजच्या कार्यालयातल्या फायलीत पडून राहण्याची गोष्ट नाही. उद्याचे वकील, सरकारी अभियोक्ते आणि न्यायाधीश याच वर्गांतून निघतात. म्हणून काही मुद्दे मांडतो.

मुद्दा १. आपण पदवी मोजतो, तीही एकाच मापाने.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापक व्हायला संबंधित विषयात ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि सहसा नेट किंवा सेट लागते. कायद्यात याचा अर्थ एलएल.एम. अधिक नेट. नेटची परीक्षा म्हणजे दोन पेपर, एकूण १५० प्रश्न, सगळे पर्यायी. उमेदवाराला एकही ओळ लिहावी लागत नाही. ती पास झालेला माणूस पुढच्या जूनमध्ये 'ड्राफ्टिंग, प्लीडिंग अँड कन्व्हेयन्सिंग' शिकवायला उभा राहतो, म्हणजे दावा, कैफियत, खरेदीखत कसं लिहायचं ते शिकवायला. त्यानं स्वतः कधी खरेदीखत लिहिलंय का, हे मुलाखतीत विचारायला कुणाची बंदी नाही. पण नियमाच्या रकान्यात तो प्रश्नच नाही, त्यामुळे विचारला जाईलच असं नाही.

आता दुसरी बाजू पाहा. २० मे २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं निकाल दिला की, कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्याआधी किमान तीन वर्षांची वकिली हवी. कोर्ट न पाहिलेला माणूस न्यायासनावर नको, हे त्यामागचं कारण. कारण रास्त आहे. पण त्या न्यायाधीशाला दिवाणी प्रक्रिया संहिता शिकवणाऱ्यानं कोर्टाची पायरी चढलेली असावी, अशी अट कुठंही नाही.

मुद्दा २. काही विषय पुस्तकातून अर्धेच कळतात.

वर्गात दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ३९ शिकवतात, नियम १ आणि २, तात्पुरता मनाई हुकूम. प्रथमदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचा तोल, भरून न येणारं नुकसान, या तीन कसोट्या मुलं घडाघडा म्हणतात. मग सनद मिळते, मुलगा तालुक्याच्या कोर्टात सिनिअरच्या हाताखाली लागतो आणि पहिल्याच दिवशी सिनिअर सांगतात, "निशाणी पाचवर म्हणणं आलंय का बघ." मुलगा गोंधळतो. महाराष्ट्राच्या दिवाणी कोर्टांत दाव्याबरोबर येणारा मनाईचा अर्ज निशाणी ५ ला लागतो आणि पक्षकारापासून शिरस्तेदारापर्यंत सगळे त्याला त्याच नावानं ओळखतात. पाच वर्षांत त्याच्या कानावर ते नाव पडलेलं नसतं. कारण शिकवणाऱ्याच्याही पडलेलं नसतं.

हे वरवरचं उदाहरण झालं, महिन्याभरात मुलगा शिकतो. खोल अडचण दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेतली ऑर्डर २१ सगळ्यात लांब, शंभराहून अधिक नियमांची. हुकूमनामा मिळाल्यावर त्याची अंमलबजावणी कशी करून घ्यायची, ते त्यात आहे. परीक्षेला साधारण एक प्रश्न येतो म्हणून वर्गात ती एका आठवड्यात उरकतात. पक्षकाराच्या दृष्टीनं मात्र खरा दावा तिथंच सुरू होतो. भावाभावांतल्या वाटणीच्या दाव्याचं घ्या. कोर्ट हिस्से ठरवून प्राथमिक हुकूमनामा करतं. शेतजमिनीवर सरकारी आकारणी असते, म्हणून कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या हाताखालचा राजपत्रित अधिकारी करतो. मग कागद कोर्टातून जिल्हाधिकारी कार्यालयात, तिथून तहसीलला, मोजणीसाठी भूमी अभिलेखला, आणि पुन्हा उलटा प्रवास. कुठल्या टेबलावर तो अडतो, अडला की कुठला अर्ज द्यायचा, बांधावर एका भावानं विहीर पाडली असेल तर मोजणीदारापुढं काय म्हणायचं, हे कलम ५४ च्या चार ओळींत नाही. ते ज्यानं एक तरी वाटणी शेवटपर्यंत नेली आहे त्यालाच सांगता येतं. आपल्याकडे वडील दावा लावतात आणि मुलगा ताबा घेतो. याला कोर्टांतली गर्दी कारणीभूत आहे, हे खरं. पण अंमलबजावणीचा कायदा नीट न शिकलेले वकीलही कारणीभूत आहेत.

बार कौन्सिलला हे ठाऊक नाही असं नाही. २००८ च्या विधी शिक्षण नियमांत ड्राफ्टिंगचा विषय शक्यतो वकील आणि निवृत्त न्यायाधीशांच्या मदतीनं शिकवावा, असं लिहून ठेवलंय. 'शक्यतो' या शब्दानं तिथं घात केला.

मुद्दा ३. म्हणून सगळे वकीलच आणून बसवा, असं मात्र मी म्हणत नाही.

सकाळी साडेसातच्या लेक्चरला येणारे वकील-प्राध्यापक ही मराठी मुलुखातली जुनी संस्था आहे. त्यात रत्नं होती आणि आहेत. पण ज्यांच्या लेक्चरपेक्षा 'आज सर येणार नाहीत, हायकोर्टात तारीख आहे' हा निरोपच जास्त वेळा आला, असे सरही प्रत्येक वकिलाला आठवतील. आले की आपण जिंकलेल्या खटल्यांचे किस्से सांगायचे, हरलेल्यांचे नाही. अभ्यासक्रमातली दोन प्रकरणं मार्चमध्ये "तुम्ही वाचून घ्या" म्हणून सोडून द्यायची. शिकवणं हे वेगळं कसब आहे, आणि कोर्टात बोलता येणाऱ्याला वर्गात बोलता येतंच असं नाही.

त्याहून मोठी गोष्ट १ जुलै २०२४ ला दिसली. त्या दिवशी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. खुनाचं ३०२ होतं ते १०३ झालं, फसवणुकीचं ४२० होतं ते ३१८ मध्ये गेलं, पहिली खबर १५४ वरून १७३ वर गेली. ज्यांचं शिकवणं कलमांच्या पाठांतरावर उभं होतं, त्यांचं भांडवल एका रात्रीत बुडालं. खून आणि सदोष मनुष्यवध यांत फरक का करतात, गुन्ह्यात हेतू का तपासतात, हे ज्यांनी मुळापासून वाचलं होतं, त्यांनी आकडे बदलले आणि पुढे शिकवायला लागले. सिद्धांत वाचलेल्या माणसाची गरज अशा वेळी कळते.

मुद्दा ४. पूर्णवेळ अभ्यासकाचं एक काम वकिलाला सहसा करता येत नाही. ते म्हणजे कोर्टाला तोंडावर सांगणं की, तुम्ही चुकलात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलं आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, अशा धर्तीचा तो निकाल. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावानं तो छापला गेला आणि ग्रंथालयात जाऊन बसला.

वर्षभर फारसं कुणी काही बोललं नाही. मग सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार. यांची पार्श्वभूमी पाहण्यासारखी आहे. लतिका सरकार केंब्रिजहून कायद्यात डॉक्टरेट घेतलेल्या पहिल्या भारतीय स्त्री, दिल्ली विद्यापीठात शिकवत. बक्षींनी सिडनीत शिकवलं होतं, मग ते दिल्लीला आले. केळकरांचं फौजदारी प्रक्रियेवरचं पुस्तक आजही विद्यार्थ्यांच्या हातात असतं. धगमवार पुण्याच्या. आदिवासींच्या आणि विस्थापितांच्या हक्कांसाठी त्यांनी पुढे 'मार्ग' ही संस्था काढली. चौघांच्या पत्रात घोषणा नव्हत्या. ठाण्यात, पोलिसांच्या ताब्यात, रात्रीच्या वेळी एक गरीब मुलगी गप्प राहिली तर त्याला संमती म्हणायचं का, नमणं आणि मान्य करणं यांत कायदा फरक करतो की नाही, असा तो कायद्याच्या भाषेतला उलटतपास होता. फक्त साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सर्वोच्च न्यायालय होतं.

निकाल बदलला नाही. पण देशभर मोर्चे निघाले, स्त्री-संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, गंभीर गुन्हा झाला. अशा खटल्यात स्त्रीनं संमती नव्हती असं सांगितलं तर ती नव्हती असंच गृहीत धरायचं, हे ११४-अ कलम पुरावा कायद्यात आलं.

हे पत्र सर्वोच्च न्यायालयात रोज उभ्या राहणाऱ्या वकिलांनी का लिहिलं नाही? भ्याड होते म्हणून नव्हे. ज्या न्यायमूर्तींपुढं सोमवारी आपल्या अशिलाचं प्रकरण आहे त्यांना शुक्रवारी असं पत्र लिहिणं अवघड असतं, इतकंच. ज्याची भाकरी त्या कोर्टावर अवलंबून नाही, ज्याला निकाल सावकाश वाचायला पगार मिळतो, असा माणूस समाजात असावा लागतो. विद्यापीठातली कायम जागा असते ती यासाठी. ती जागा भरून वर्षानुवर्षं नोट्स वाचून दाखवणारा सरकारी पैशाचा अपव्यय करतो आहे, हेही त्याच दमात म्हणायला हवं.

मुद्दा ५. जुन्या लोकांची कुंडली पाहा.

टिळक १८७९ साली एलएलबी झाले, वकिली केली नाही, पण पुण्यात वकिलीच्या परीक्षांसाठी लॉ क्लास चालवला. पां. वा. काणे शाळामास्तर, संस्कृतचे पंडित, मुंबईचे वकील आणि मुंबईच्या लॉ कॉलेजात प्राध्यापक. त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास या सगळ्यातून निघाला. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे हायकोर्ट वकील होते आणि हिंदू कायद्याचे मूळ ग्रंथ भाषांतर करून छापत होते. माथेरानात जन्मलेले आसफ फैजी केंब्रिजला अरबी-फारसी शिकले, मुंबईत वकिली केली आणि १९३८ ते १९४७ शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं पुस्तक मूळ भाषा येणाऱ्या माणसाचं आहे, हे पानोपानी कळतं.

फैजींच्या आधी, १९३५ पासून, त्याच खुर्चीवर डॉ. आंबेडकर होते. त्यापूर्वी त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या क्लासमध्ये व्यापारी कायदा शिकवला होता, तोही पोटासाठी. त्यांच्या मोठ्या पदव्या अर्थशास्त्रातल्या, कोलंबियाच्या आणि लंडनच्या. कायद्यातली अर्हता म्हणजे ग्रेज इनची बॅरिस्टरी. आजच्या सहायक प्राध्यापकाच्या अर्जात 'विधी विषयातील पदव्युत्तर पदवी, टक्केवारी' या रकान्यात त्यांनी काय भरलं असतं? नामवंत व्यावसायिकाला थेट प्राध्यापक नेमायची एक वाट आजच्या नियमांत आहे, नाही असं नाही. तिथंही संबंधित किंवा जवळच्या विषयातली पीएच.डी. लागते, आणि त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध कायद्याला जवळचा आहे की नाही, यावर छाननी समितीनं दोन बैठका घेतल्या असत्या. प्रत्येक अर्जदार आंबेडकर नसतो, हे मान्य. पण त्या काळच्या नेमणुकीत समोरचा माणूस पाहायची मुभा होती. आता फक्त रकाना पाहायचा.

मुद्दा ६. वर्ग आणि कोर्ट यांच्यामधली भिंत नियमानंच बांधली आहे.

बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पगारी पूर्णवेळ नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते. उलट १९७९ च्या केंद्राच्या नियमांनी वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायची मोकळीक दिली. म्हणजे वकील वर्गात येऊ शकतो, प्राध्यापक कोर्टात जाऊ शकत नाही. याचा सगळ्यात जास्त फटका लॉ कॉलेजांतल्या लिगल एड क्लिनिकला बसतो. प्रत्येक कॉलेजात ते असलंच पाहिजे, असा नियम आहे. तिथं पोटगीसाठी एखादी बाई येते. विद्यार्थी तिची हकिकत लिहून घेतात, मॅडम अर्ज तपासतात, आणि मग तो अर्ज घेऊन कोर्टात उभं राहायला तिसराच कुणीतरी शोधावा लागतो. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारा सर्जन ऑपरेशन करतो आणि विद्यार्थी बाजूला उभे राहून पाहतात. आपल्याकडे शिकवणाऱ्याला ऑपरेशन थिएटरमध्ये प्रवेश नाही.

बंगळुरूचं राष्ट्रीय विधी विद्यालय उभं करणारे माधव मेनन यांनी केरळात थोडी वकिली केली, सरकारी नोकरी केली, मग अलीगढ आणि दिल्लीत शिकवलं. प्रत्यक्ष कामातून शिकवण्याचा आग्रह त्यांनीच धरला. त्यांच्या नमुन्यावर देशभर राष्ट्रीय विधी विद्यापीठं निघाली, मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) अशी तीन आपल्याकडे. इमारती आल्या, नियम ४९ तसाच राहिला.

मुद्दा ७. संविधानाच्या अनुच्छेद १२४(३) मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याच्या तीन वाटा आहेत. तिसरी 'नामवंत कायदेपंडित' ही. प्रजासत्ताक झाल्यापासून आजतागायत त्या वाटेनं एकही माणूस गेलेला नाही. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयात प्राध्यापक नेहमीच बसतात. अमेरिकेत हार्वर्डचे फेलिक्स फ्रँकफर्टर १९३९ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. आपल्याकडे कायद्याच्या प्राध्यापकाला वकीलवर्ग काय किंमत देतो, ते या रिकाम्या वाटेवरून समजा.

मुद्दा ८. भाषा. महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. शिक्षकाचं एलएल.एम. इंग्रजीत, पीएच.डी. इंग्रजीत. मराठीत कैफियत लिहायला कोण शिकवणार? वाडीवस्तीवरून आलेला विद्यार्थी चांगली मराठी लिहितो आणि पाच वर्षांत ती विसरून बाहेर पडतो. शिक्षक निवडताना मराठी दस्तऐवज लिहिण्या-वाचण्याची साधी चाचणी घ्यायला काय हरकत आहे?

मुद्दा ९. तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकाकडून यातली कुठलीच अपेक्षा करू नका. तो तासावर पैसे घेतो, सुट्टीत घेत नाही, पुढच्या वर्षी असेल की नाही ते त्यालाही माहीत नसतं. सर्वोच्च न्यायालयाला खुलं पत्र लिहायला निदान पुढच्या जूनची खात्री लागते.

मुद्दा १०. आता मागण्या.

पहिली. प्रत्येक लॉ कॉलेजनं प्रत्येक शिक्षकामागे एक पान जाहीर करावं. पदव्या कुठून आणि कधी, प्रबंधाचा विषय, वकिलीची वर्षं आणि न्यायालयं, लिहिलेलं साहित्य, यंदा शिकवत असलेले विषय, नेमणूक कायम की तासिका. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांना तर माहितीच्या अधिकाराच्या कलम ४ नं बरीच माहिती आपणहून जाहीर करायला सांगितलंच आहे. ती अर्जाची वाट पाहत बसण्याची गोष्ट नाही.

दुसरी. नेमणूक विषयवार व्हावी. न्यायशास्त्र, घटना, आंतरराष्ट्रीय कायदा यांना अभ्यासक. दिवाणी प्रक्रिया, पुरावा, ड्राफ्टिंग यांना किमान काही वर्षं कोर्टात घालवलेला माणूस. 'कुणीही काहीही शिकवील' हे वेळापत्रक बंद व्हावं.

तिसरी. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणले. पंधरा वर्षांचा अनुभव, पदवीची सक्ती नाही, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत. दहा पदांच्या कॉलेजात तो एकच माणूस येतो. तो एक तरी आणा, आणि त्याला सत्कारापुरता न आणता आठवड्याचं वेळापत्रक द्या.

चौथी. लिगल एड क्लिनिक चालवणाऱ्या पूर्णवेळ शिक्षकाला फक्त मोफत प्रकरणांपुरतं कोर्टात उभं राहता यावं, अशी दुरुस्ती बार कौन्सिलनं नियम ४९ मध्ये करावी. फी घ्यायची नाही म्हटल्यावर वकिलांचा धंदा बुडण्याची भीती उरत नाही.

पाचवी मागणी सरकारकडे नाही, वाचकांकडे आहे. घरातलं कुणी यंदा लॉला प्रवेश घेत असेल, तर फी भरण्यापूर्वी कॉलेजच्या कार्यालयात जा आणि एकच विचारा: दिवाणी प्रक्रिया संहिता कोण शिकवणार, आणि त्यांनी शेवटची दरखास्त कधी चालवली? उत्तर लेखी मागा.